लावलेलं तण

काचेच्या खोलीतला म्हातारा बटण दाबतो. मी आवाज सोडलेलाच नाही.

अंगठ्याचं नख. त्याच्याखाली मातीची काळी कोर, कुठल्याच साबणाला दाद न देणारी.

डब्यात काय गं आज, शेजारच्या टेबलावरची विचारते. गवत, मी म्हणते. ती हसते. मी झाकण उघडून दाखवते. ती हसायची थांबते.

मूळ तुटतं तेव्हा आवाज होतो. टच्. इतका बारीक, की तो तोडणाऱ्याला ऐकू येतो आणि तोडणाऱ्याच्या मागे उभा असतो त्याला.

काळं कापड पाण्याला वाट देतं, उजेडाला देत नाही. दुकानात गुंडाळीवर मिळतं.

भावाला लहानपणी दमा होता.

संध्याकाळी कान तपासायच्या क्लिनिकमधून घरी आले तेव्हा मागच्या अंगणातलं गवत नाहीसं झालेलं होतं. अजून चांगला उजेड होता, त्यामुळे डोळ्यांना भास झाला म्हणायचीही सोय नव्हती. वाफे जागच्या जागी होते. टोमॅटोचा, वांग्यांचा, घेवड्याचा, कोपऱ्यात मिरच्या. पण वाफ्यांच्या चारी बाजूंना, जिथे सकाळपर्यंत हरळी होती, लव्हाळा होता, मातीला चिकटून पसरलेली घोळ होती, तिथे काळं कापड ताणून बसवलेलं होतं, कुठे एक सुरकुती नाही, आणि कापडावर पांढरे गोटे. बँकेच्या दारात कुंड्यांभोवती टाकतात तसे. भाऊ नळाखाली हात धूत होता. कोपरापर्यंत मळलेला, सदरा पाठीला चिकटलेला, आणि खूश. परीक्षेत पहिला आल्यावरही तो इतका खूश दिसला नव्हता.

"बघ," तो म्हणाला. "संपला विषय."

"कसला?"

"तुझ्या गवताचा. आता जन्मात येणार नाही. खाली उजेडच पोचत नाही म्हटल्यावर येणार कुठून? दुकानदार म्हणाला, साहेब, तंगड्या पसरून झोपा."

"एकट्यानं केलंस?"

"मदत होती." तो हसला. "मावशी नको नको म्हणत होत्या. ताई रागावतील म्हणे. म्हटलं, कोण, आमची ताई? गवत काढलं म्हणून? अहो, मला डोक्यावर घेऊन नाचेल ती."

मावशी म्हणजे बाबांना दिवसभर सांभाळणाऱ्या बाई. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि माझ्याकडे न बघता पदराला हात पुसत होत्या. पुसून झालेले हात पुन्हा पुसत होत्या. माझ्या खांद्यावर पिशवी होती, पिशवीत डबा होता, आणि डब्यात बसस्टॉपच्या मागच्या मोकळ्या प्लॉटमधून मुळांसकट उपटून आणलेला लव्हाळा होता, मुळांना ओला कागद गुंडाळलेला. मी पिशवी खाली ठेवली नाही.

"चहा टाकते," मी म्हणाले.

रागाला जागा लागते. भांडं आपटायला ओटा लागतो, दार आपटायला चौकट लागते, आणि माणूस आपटायला त्याच्या हातून काहीतरी वाईट झालेलं असावं लागतं. याच्या हातून चांगलं झालं होतं. सुट्टी टाकून, गाडीच्या डिकीत गोटे भरून, उन्हात उकिडवं बसून त्यानं माझ्यासाठी चांगलं केलं होतं, आणि आता तो खुर्चीत बसून चहाची वाट बघत होता, पाय हलवत. मी आलं किसलं. बोटही किसलं. ज्याच्यावर ओरडता येत नाही असा माणूस घरात बसला की घर किती लहान होतं. मला त्याच्या मानेमागचं उन्हानं लाल झालेलं कातडं दिसत होतं आणि त्याची दया येत होती, आणि ती दया आल्याचा आणखी राग येत होता, म्हणजे रागाला व्याज लागत होतं. चहात साखर जास्त पडली. "मस्त," तो म्हणाला. त्याला गोडच लागतं. त्याला लहानपणापासून सगळं गोड लागत आलेलं आहे.

तण मी लावत होते. हे कुणालाही सांगायला गेलं तर आधी हसतात, मग माझ्या तोंडाकडे बघतात. मावशींना माहीत होतं. "लोकांच्या घरात डब्यातून भाजी येते," त्या म्हणायच्या, "तुमच्या घरात तण येतं. करा, करा. तुमचा बाप, तुमची माती." आणि हसून हसून त्यांना ठसका लागायचा. भावाला माहीत नव्हतं. तो महिन्यातून एखाददुसऱ्या वेळेस यायचा, फळं घेऊन, बाबांचा हात हातात धरून बसायचा, मोठ्यानं बोलायचा. बाबांना ऐकू उत्तम येतं. त्यांचं ऐकणं मी स्वतः तपासलं आहे, काचेच्या खोलीत बसवून. आत पोचलेल्या आवाजाचं पुढे काय होतं ते मात्र माझ्या यंत्राच्या कक्षेबाहेरचं आहे. अंगणात डोकावून भाऊ दर वेळी म्हणायचा, अगं किती गवत माजलंय, कशी निस्तरतेस तू, आणि मी म्हणायचे, चालतंय. चालतंय या शब्दाचा अर्थ पुरुष नेहमी उलटा लावतात. मदत हवी आहे पण मागत नाही, असा.

बाबा वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. दुकानात शिरले की गल्ल्यावरचा माणूस उभा राहायचा. त्यांच्याकडे लाकडी पेटी होती, आत मखमलीच्या खळग्यांत पितळी वजनं, आणि ती वजनं बोटांनी उचलायची नाहीत, चिमट्यानं उचलायची, कारण बोटाच्या घामानंही वजन वाढतं. असा माणूस सुट्टीच्या दिवशी भाजी लावायचा. वाफ्याची कड दोरी लावून आखायचा. आणि कडेचं गवत हे माझं काम होतं. मी पुढे उकिडवी, हातात खुरपं, आणि ते मागे लाकडी बुटक्या स्टुलावर. "शेंड्याला धरू नकोस. शेंडा कुणीही धरेल. गळा धर. मातीत बोट घाल, गळा सापडतो, सापडला की हलव, हलला की ओढ." मी हलवायचे. ओढायचे. टच्. मागून त्यांच्या खुरप्याची मूठ माझ्या हाताच्या पाठीवर. फार जोरात नाही. जोरात मारलं असतं तर आईला दिसलं असतं. "मूळ राहिलं. हरळीचं एक पेर आत राहिलं ना, की आठ दिवसांत ती हसत वर येते. तुला हसत येते, मला नाही." मग मी उपटलेल्या गवताचा ढीग ते तपासायचे. एकेक काडी उलटी करून मूळ बघायचे, जसं दुकानातलं वजन उलटं करून बुडाचं शिसं बघायचे. ज्याला मूळ नाही ते वेगळं. वेगळ्या ढिगातली प्रत्येक काडी म्हणजे पुन्हा तीच जागा, पुन्हा बोट, पुन्हा गळा. माझ्या मैत्रिणी रस्त्यावर खेळत असायच्या, त्यांचे आवाज कुंपणावरून यायचे, आणि मला ते आवाज लांबी-रुंदीसकट आठवतात. आज मी लोकांना आवाज ऐकवून पोट भरते. तिथूनच सुरुवात झाली असणार, किंवा नसणार. माणसाला आपल्या आयुष्याचं मूळ सापडल्यासारखं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा हातात शेंडाच आलेला असतो.

आणि भाऊ खिडकीत. त्याला गवताची धाप लागायची. आतल्या खोलीच्या खिडकीशी, नाकावर ओला रुमाल, गजांना धरून उभा. आई त्याच्या मागे, त्याच्या पाठीवरून हात फिरवत. "तुझा दमा बरा, बाई," मी एकदा त्याला म्हणाले होते, "मला पण दे थोडा." त्यानं खरंच रुमाल पुढे केला होता.

बाबांचे आधी शब्द गेले, मग माणसं गेली, मग घराचं संडास कुठल्या बाजूला ते गेलं. मी त्यांना एखाद्या दिवशी आई वाटायचे, एखाद्या दिवशी कुणी दुकानदारीण. तेव्हा ते माझ्याकडे असे बघायचे की आता ही काटा मारणार. दुपारी दाराची कडी खडखडवत राहायचे. मावशींच्या मनगटाला चावले. मी रात्ररात्र नाही, पण दिवसदिवस विचार करत होते की हे असं किती चालणार. आणि एका सकाळी घेवड्याच्या शेंगा तोडायला बाहेर गेले तर ते मागोमाग आले, भिंतीशी पडलेलं तेच स्टूल पायानं ओढलं, बसले, वाकले, आणि मातीत बोट घातलं. गळा शोधला. हलवला. लव्हाळा मुळाच्या गाठीसकट वर आला. त्यांनी तो उलटा केला, बघितला, डावीकडे ठेवला. पुढचा. मी शेंगा हातात धरून उभीच राहिले. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता, धुऊन वाळत घातल्यासारखा. ऊन डोक्यावर येईपर्यंत ते खुरपत होते. मग आत येऊन पानात होतं तेवढं सगळं जेवले आणि झोपले. मावशी म्हणाल्या, "ताई, औषध सापडलं."

औषध संपत आलं, कारण रोगी हुशार होता. थोड्याच आठवड्यांत अंगणात तण उरलं नाही. बाबांचं बोट ज्या जागेवरून गेलं तिथे पुन्हा उगवायची गवताची छाती नव्हती. एक दिवस ते नुसत्या मातीत बोट घालून बसले, आणि मग बोट वाफ्याच्या आत शिरलं आणि टोमॅटोची रोपं एकामागून एक वर आली, मुळासकट, उलटी करून तपासलेली. त्या संध्याकाळी बसस्टॉपच्या मागे मी पहिल्यांदा वाकले. माझ्याच क्लिनिकमधून बाहेर पडणारं एक जोडपं बघत होतं. बघू दे. मी गळा धरला, हलवला, ओढला. पूर्ण आला. मला अजून येत होतं.

मग हे रोजचं झालं. सकाळी बाबांची आंघोळ चालू असताना मी कडेनं तण लावायचे. खुरप्यानं चर पाडायचा, मूळ सरळ सोडायचं, माती दाबायची, हातानं पाणी शिंपडायचं. ते न्हाऊन येतील तेव्हा तयार. प्लॉटमधलं गवत उन्हाळ्यात वाळलं तेव्हा मी त्यांनी उपटलेल्या ढिगातलंच परत लावायला लागले. त्यांच्यासारखं मूळ कुणी काढत नाही, त्यामुळे ते जगायचंही छान. तोच लव्हाळा त्यांनी किती वेळा उपटला असेल याचा हिशेब मी ठेवला नाही. मला दया येत होती असं कुणी समजू नये. दया यायची ती दुपारी, क्लिनिकमध्ये, लांबून. सकाळी मी त्यांच्या मागे उभी असायचे, बरोबर जिथे ते असायचे तिथे, आणि त्यांच्या वाकलेल्या मानेकडे बघायचे. मान बारीक झालेली. आणि मनात म्हणायचे, खुरप. खुरप, म्हाताऱ्या. उद्या पुन्हा तेच आहे. कधी चुकून त्यांच्या हातून मूळ तुटलं, टच्, तर माझा हात आपोआप उचलला जायचा आणि मी तो केसांवरून फिरवायचे. त्या सकाळींइतकं मला आयुष्यात दुसरं काही आवडलेलं नाही. हे सगळं त्या काळ्या कापडाखाली गेलं.

कापड घातल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा स्टुलावर बसले. वाकले. बोट कापडावर आपटलं. पुन्हा. नखानं खरवडण्याचा आवाज आला, कोरडा, दात शिवशिवतील असा. ते कापडाच्या कडेकडेनं सरकत गेले, सगळ्या वाफ्यांना वळसा घातला, मग माझ्याकडे वळून बघितलं. त्यांना मी कोण वाटले माहीत नाही. पण दुकानाला टाळं दिसल्यावर निरीक्षक ज्या नजरेनं बघतो ती नजर होती. मग त्यांनी गोटे उचलायला घेतले. एकेक गोटा उलटा करून त्याचं बूड बघायचं. गोट्याला मूळ नसतं. सगळे गोटे वेगळ्या ढिगात. दुपारपर्यंत घेवड्याचा वाफा संपला. रोपं ओळीनं मांडून ठेवलेली, वेल आधाराच्या काठ्यांवरून ओरबाडलेले. पुढे घरात. चादरीचे दोरे, गालिच्याचे दोरे, स्वतःची भुवई. भुवईच्या जागी लालबुंद पट्टा आणि त्यावर रक्ताचे ठिपके, कारण भुवईही ते मुळासकट काढत होते.

मावशी चार दिवस काही बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी मी घरी आले तर त्या पिशवी भरून दाराशी बसलेल्या.

"ताई, मी मनाला लावून घेणारी बाई नाही. चावले, तेव्हा बोलले का?"

"नाही बोललात."

"आज माझे केस धरले. मुळाशी बोट घालून. शांतपणे, हो! चिडून नाही. मी भाजीच होते त्यांच्यापुढे." त्यांनी डोक्याची एक बाजू दाखवली. "हा आठवडा काढते. पुढे बघा तुमचं तुम्ही. ते कापड फाडा नाहीतर मला सोडा."

"भावानं एवढ्या हौसेनं घातलंय."

"मग भावाचेच केस द्या."

मी भावाला फोन लावला. बोलायचं ठरवलेलं वेगळंच होतं. बाबा अस्वस्थ आहेत, मी म्हणाले, गवत काढायची त्यांना सवय लागली होती. पलीकडे गाडीचे आवाज, मग गाडी थांबल्याचा आवाज. त्याला फोनवर बोलताना गाडी बाजूला घ्यायची चांगली सवय आहे. त्याच्या सगळ्याच सवयी चांगल्या आहेत.

"अगं, आजार पुढे सरकतोय. गवताचं काय घेऊन बसलीस? मी बाबांना ठेवायला एक जागा बघून ठेवलीय. स्वच्छ आहे. बाग आहे."

"बागेत गवत आहे?"

"लॉन आहे मस्त. माळी आहे."

"माळी आहे," मी म्हणाले.

"ताई, तू चिडलीयस का?"

"छे."

"मला कळत नाही तुझं. मी लहानपणी त्या खिडकीत उभा राहून बघायचो ना सगळं. तुझ्या हाताची पाठ लाल व्हायची. तू रडायची नाहीस, नुसतं नाक ओढायचीस. तेव्हापासून डोक्यात होतं माझ्या. की एक दिवस हे गवत असं बंद करून टाकायचं, की तिला पुन्हा वाकायला नको."

मी फोन कानापासून लांब धरला. आतून त्याचा आवाज येत राहिला, कुंपणापलीकडून येतो तसा. त्यानं बघितलं होतं. मला कायम वाटायचं की तो खिडकीतून बाबांकडे बघतो, किंवा रस्त्याकडे. माझं नाक ओढणं कुणी ऐकलेलं नाही, या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं ताठ उभी होते, आणि यानं तेही उपटून उलटं करून बघितलं होतं.

"मग बाहेर का नाही आलास?" मी म्हणाले.

"मला धाप लागायची, ताई."

"ज्याला खुरप्याची मूठ लागायची, त्याला धाप लागून चालायचं नाही."

"काय?"

"काही नाही. सुट्टीच्या दिवशी ये. न्यायचं तर ने."

दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये काचेच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ होते. कानावर हेडफोन, हातात बटण. टूं वाजलं की बटण दाबायचं, एवढंच. ते मी आवाज सोडला की दाबत होते आणि सोडला नाही तरी दाबत होते. असं करणारे खूप येतात. मी नेहमी हसून पुन्हा सुरू करते. त्या दिवशी मी हात यंत्रावरून काढून मांडीवर ठेवले आणि काचेतून नुसती बघत बसले. ते दाबतच होते. माझ्याकडे बघून, आशेनं, शाळेतल्यासारखं. मी दार उघडून आत गेले. "काय ऐकू आलं तुम्हाला?" आवाज चढला होता माझा. त्यांनी एक कान मोकळा केला. "खरं सांगू का बाई, काही नाही. तुम्ही वाट बघताय असं वाटलं, म्हटलं दाबावं." मला त्यांच्या हातातलं बटण हिसकावून भिंतीवर फेकावंसं वाटलं. मी म्हणाले, मी वाट बघत नव्हते. ऐकू येईल तेव्हाच दाबा. कृपा करून माझ्यासाठी काही करू नका. ते घाबरले आणि मग खरे आवाज वाजले तरी त्यांनी दाबलं नाही. सगळी तपासणी वाया.

सुट्टीच्या दिवशी भाऊ आला तेव्हा मी अंगणात होते. हातात स्वयंपाकघरातली मोठी कात्री. बाबा स्टुलावर, भुवईवर पट्टी, हात मांडीवर गुंडाळलेले, कारण ते मी मऊ पट्ट्यांनी बांधले होते. मला ते करावं लागलं होतं. मावशी नळाशी बसून मजा बघत होत्या, पिशवी अजून भरलेलीच. भाऊ दारात थांबला. नवीन कपडे. बाबांना न्यायला येताना त्यानं नवीन कपडे घातले होते.

"ताई, काय करतेयस?"

मी कापड कापत होते. चांगलं कापड होतं, हे मान्य. कात्री अडकत होती, लोखंडी खुंट्या निघत नव्हत्या, त्यानं त्या जीव खाऊन ठोकलेल्या. मी एक खुंटी दोन्ही हातांनी धरून मागे झुकले आणि ती निघाली तेव्हा बुडावर आपटले. कुणी हसलं नाही. मावशीसुद्धा. मी कापडाची पट्टी फाडत फाडत बाबांच्या स्टुलापर्यंत आणली. खाली सगळं होतं. हरळी होती, पिवळी पडलेली, दोऱ्यासारखी. लव्हाळा पांढरा झाला होता, उकडल्यासारखा, पण कापडाच्या पोटाला टेकून आडवा वाढलेला, भोक शोधत. एका जागी त्याला सापडलंही होतं, सुईएवढं टोक वर आलेलं. माझ्या हातानं लावलेलं, त्यांच्या हातानं उपटलेलं, पुन्हा माझ्या हातानं लावलेलं. मी बाबांच्या पट्ट्या सोडल्या.

ते वाकले. बोट मातीत गेलं. मनगटापासून मानेपर्यंतचा ताण त्यांच्या अंगातून उतरत गेला, भावालाही ते दिसलं असणार, कारण तो दारातून दोन पावलं पुढे आला.

"बस खाली," मी त्याला म्हणाले.

"मी?"

"इथे. त्यांच्या पुढे. मी बसायचे तिथे."

"कपडे..."

"बस म्हणतेय ना!"

माझा आवाज कुंपणापलीकडे गेला. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी वाकून बघितलं. भाऊ बसला, उकिडवं, तोल सावरत. त्यानं पांढऱ्या लव्हाळ्याचा शेंडा चिमटीत धरला आणि ओढला. टच्. तिघांनाही ऐकू आलं. बाबांचं तोंड फिरलं. मी भावाच्या मागे उभी होते, आणि माझं सगळं अंग त्या एका गोष्टीची वाट बघत होतं. मला ती हवी होती. त्याच्या हाताच्या पाठीवर, एकदाच, माझ्यासमोर. बाबांनी हात पुढे केला, त्याचं मनगट धरलं, त्याचं बोट आपल्या बोटाखाली घेतलं आणि मातीत नेलं, सावकाश, मखमलीतून वजन काढावं तसं. "हळू," ते म्हणाले. कित्येक महिन्यांत त्यांनी शब्द उच्चारला नव्हता. "हळू. असं. घाई नाही."

माझ्या कानशिलात रक्ताचा आवाज सुरू झाला. तो आवाज मला माहीत आहे, काचेच्या खोलीत दार लावलं की प्रत्येकाला ऐकू येतो, लोक विचारतात हा कसला आवाज, मी सांगते तुमचाच. घाई नाही म्हणे. इतकी वर्षं हा शब्द त्यांच्यापाशी होता. पेटीत, मखमलीत, जपून ठेवलेला, बोटाचा घाम न लागलेला, आणि तो काढला तो कुणासाठी. भाऊ रडत होता. तोही नाक ओढत होता. मी वाकले, बाबांच्या डावीकडच्या ढिगातला लव्हाळा उचलला, बाजूला जाऊन खुरप्यानं चर पाडला आणि मूळ सोडलं.

"हे काय करतेयस?" भाऊ म्हणाला.

"लावतेय."

"तण?"

"रोज लावते."

मी दुसरं लावलं. तिसरं. माती मुठीनं दाबत होते, ठोसे मारल्यासारखी.

"म्हणजे मी जे..."

"हो."

"मग सांगायचं होतंस, ताई."

"तू विचारायचं होतंस."

"मावशी, तुम्ही तरी!"

"मी नको म्हटलं होतं," मावशी नळाशी बसल्या बसल्या म्हणाल्या. "तुमच्या घरात नकोला किंमत नाही." आणि उठून पिशवी आत घेऊन गेल्या.

भावानं मग त्या जागेचा विषय पुन्हा काढला नाही. संध्याकाळपर्यंत तो बादलीतून गोटे गाडीत नेऊन टाकत होता, नव्या कपड्यांनी, खोकत. त्याला धाप लागली होती. मी पाणी दिलं. "बाकीचं कापडही काढू?" त्यानं विचारलं, विचारलं एकदाचं. मी म्हणाले, काढ. बाबा सरकत सरकत मी लावलेल्या ओळीपर्यंत आले होते. मी शेवटचं रोप दाबेपर्यंत ते थांबले, दुकानदाराला माल मांडू द्यावा तसे, मग वाकून त्यांनी पहिलं उपटलं. उलटं केलं. बघितलं. माझ्याकडे धरलं, मलाही बघता यावं म्हणून. मूळ पूर्ण होतं, टोकाच्या केसापर्यंत. मी ते त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि त्याच भोकात परत खुपसलं.

कापड अंथरलं त्या दुपारी, मावशींनी नंतर सांगितलं, भाऊ खुंट्या ठोकत असताना कापडाचं दुसरं टोक बाबांनी धरलं होतं, सुरकुती पडू नये म्हणून, ताणून.